भोगीचे पातेले आणि दहा मिनिटांची पिशवी

मकरसंक्रांतीला दोन दिवस उरले की मोठ्या शहरांतील झगमगीत दुकानांच्या शीतकपाटांत एक पारदर्शक पिशवी ओळीने मांडलेली दिसू लागते. गाजराचे यंत्राने कापलेले एकसारखे चौकोन, फरसबीचे तुकडे, बटाटा, फ्लॉवरचे तुरे, गोठवलेले बारमाही मटार आणि कोपऱ्यात तिळाची एक इवलीशी पुडी. पिशवीवर नाव असते ‘भोगी स्पेशल’. दुकानापर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. भ्रमणध्वनीवर बोट टेकवले की दहा मिनिटांत ती दारात येते. धुण्याची गरज नाही, निवडण्याची नाही, सोलण्याची तर नाहीच. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या की सण साजरा होतो आणि ताटाचे छायाचित्र ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ या म्हणीसह नातेवाइकांच्या गटावर रवाना होते. परंपरा राखल्याचे समाधान वर फुकट.

या पिशवीत काय आहे यापेक्षा काय नाही, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरेल. पावट्याचे दाणे तीत नाहीत. वालपापडी नाही, तुरीचे ओले दाणे नाहीत, हरभऱ्याचे सोलाणे नाहीत, देठाला काटे असलेली लहान वांगी नाहीत, बोरे नाहीत. गाजर आहे, पण ते वर्षभर मिळणारे केशरी. थंडीत येणाऱ्या लांबट लाल गाजराचा त्यात पत्ता नाही. फरसबी आणि फ्लॉवर यांचा तर भोगीशी काडीचाही संबंध नाही. ज्या भाज्या जून महिन्यातही याच दुकानात, याच पिशवीत, निराळ्या नावाने मिळतात त्यांना जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात भोगी म्हणायचे, हा व्यापाऱ्याचा चतुरपणा झाला. व्यापारी व्यापार करणारच. त्याला दोष देऊन उपयोग नाही. प्रश्न आहे तो ही पिशवी विकत घेऊन सण पार पडला असे मानणाऱ्या, सुशिक्षित, सुस्थित आणि स्वतःला संस्कृतीचा वारसदार म्हणवणाऱ्या मराठी मध्यमवर्गाचा.

सोलण्याची संध्याकाळ

साठ-सत्तरच्या दशकांत देशावरच्या गावांत किंवा पुण्या-साताऱ्याच्या वाड्यांत लहानाची मोठी झालेली पिढी आता साठीच्या आसपास किंवा त्यापुढे आहे. भोगीची भाजी म्हटली की या पिढीला पहिल्यांदा आठवते ती आदल्या दिवशीची संध्याकाळ. ओसरीवर किंवा माजघरात सतरंजी अंथरलेली, मध्ये सूप आणि भोवती घरातली झाडून सारी माणसे. आजोबांच्या मांडीशी पावट्याच्या शेंगांची पिशवी, आजीच्या पुढ्यात हरभऱ्याची डहाळी. मुलांकडे तुरीच्या शेंगा दिल्या जात. त्या सोलायला सोप्या, आणि निम्मे दाणे तोंडात गेले तरी कोणी रागावत नसे. हरभऱ्याच्या पाल्याची आंब बोटांना लागून चरचरे, शेंगांच्या रसाने नखे काळी पडत. कचेरीतून आलेले वडील कपडे बदलून तिथेच टेकत आणि बोलता बोलता मूठ-दोन मुठी शेंगा त्यांच्याही हातून सोलून होत. त्या तासाभरात कोणत्या काकूंकडे बाळंतपण आहे, कोणाची विहीर आटली, यंदा बाजरी कशी झाली, याची सारी खबर मुलांच्या कानांवरून जाई.

दुसऱ्या दिवशी पहाटे वाटलेले तीळ अंगाला चोळून ऊन पाण्याचे न्हाणे होई. तोवर चुलीवर कल्हईचे मोठे पातेले चढलेले असे. मोहरी-हिंगाच्या फोडणीत आधी पावटे, तुरीचे दाणे आणि भिजवलेले शेंगदाणे पडत, कारण त्यांना शिजायला वेळ लागतो. ते अर्धवट शिजले की वालपापडी आणि गाजर, मग वांगी, आणि अगदी शेवटी सोलाणे व बोरे. हळद, तिखट, घरचा काळा मसाला, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा. उकळी आली की भाजून जाडसर कुटलेले तीळ आणि दाण्याचे कूट. रस्सा दाट व्हायचा तो या कुटानेच. तळण नाही, मलई नाही, वाटणाचा थाट नाही. सोबत तीळ थापलेली बाजरीची भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा, आणि मुगाच्या डाळीची खिचडी. पातेल्यावरचे झाकण निघाले की वाफेबरोबर तिळाचा वास उंबऱ्यापर्यंत येई आणि थंडीने आखडलेली मुले आपोआप चुलीशी सरकत.

या भाजीला कुठे लेकुरवाळी म्हणत, कुठे खेंगट. लेकुरवाळी हा शब्द ज्या कोणा बाईला प्रथम सुचला तिच्या प्रतिभेला दाद द्यायला हवी. वांग्यापासून बोरापर्यंत एवढी पोरे एका पातेल्यात नांदवणे हे खऱ्या लेकुरवाळीचेच काम. अलिबागकडे याच दिवसांत शेताच्या कडेला मडक्यात वालाच्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यात घालून पोपटी लावतात. तिची चव निराळी आणि रीत निराळी, पण ऋतू तोच आणि शेंगही तीच.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ही भाजी वर्षातून एकदाच होत असे, ही समजूत पूर्णतः चुकीची आहे. मार्गशीर्षात शेंगा धरू लागल्या की माघ संपेपर्यंत, घरात जे असेल ते घालून, आठवड्यातून एकदा-दोनदा असे पातेले चढतच असे. भोगी हा त्या हंगामाचा माथा. सर्व काही एकाच वेळी उपलब्ध असण्याचा दिवस. दुसऱ्या दिवशी देवापुढे मांडल्या जाणाऱ्या सुगडांतही गाजर, बोरे, हरभऱ्याचे घाटे, पावट्याच्या शेंगा, उसाची कांडी हेच असते. जे पातेल्यात तेच सुगडात. सण हंगामाला जोडलेला होता. आज हंगाम गळून गेला आहे आणि सणाची तारीख तेवढी भिंतीवर उरली आहे. तीही कायमची नव्हे. १८६३ साली संक्रांत १२ जानेवारीला आली होती आणि स्वामी विवेकानंदांचा जन्म त्याच दिवशीचा. आता ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. पावट्याच्या वेलाने मात्र कधी तारीख पाहिली नाही. थंडी पडली की तो फुलतो.

हे स्मरण सुखवस्तूंचे आहे, असेही कोणी म्हणू नये. ही तीच पिढी आहे, जिने १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली परदेशी लाल मिलो खाल्ली आहे. भोगीचे पातेले गरिबाघरीही चढत असे, कारण त्यातले बरेचसे जिन्नस विकत घ्यावे लागतच नसत. वाल बांधावर, तूर बाजरीच्या ओळींत, बोरे वाटेवरच्या काट्यांत, हरभऱ्याची डहाळी शेजाऱ्याच्या शेतातून मागून आणलेली. वांगी आणि गाजरे तेवढी बाजारातून आणली की झाले.

एक शेंग, अनेक प्रांत

जे महाराष्ट्रात तेच थोड्याफार फरकाने साऱ्या देशात दिसते. उत्तरायणाच्या दिवशी गुजरातेत उंधियू होतो, त्यात सुरती पापडी हवीच. तमिळनाडूत पोंगलच्या सुमारास सात भाज्यांचे एळुकरी कुळंबू शिजते आणि त्यात मोच्चै नावाचा दाणा असतो. बंगळुरूत थंडी पडली की अवरेकाळूचा दरवळ गल्लोगल्ली सुटतो. आंध्रात भोगीची होळी पेटते त्या दिवसांत चिक्कुडूच्या शेंगा घराघरांत असतात. बंगालमध्ये सरस्वतीपूजेच्या दुसऱ्या दिवशी ‘गोटा सेद्धो’ खातात. अख्खे मूग, न चिरलेली लहान वांगी, मटारच्या शेंगा आणि शिम. पापडी, मोच्चै, अवरे, चिक्कुडू, शिम आणि वाल ही एकाच वेलीची प्रांतोप्रांतीची नावे आहेत. कर्नाटकातील नवाश्मयुगीन वसाहतींच्या उत्खननात या वेलीचे दाणे मिळाले आहेत, म्हणजे सुमारे साडेतीन हजार वर्षे ती या भूमीत माणसाच्या सोबतीला आहे.

कोणत्या राजाने हे फर्मान काढले होते? कोणत्या परिषदेत हा ठराव संमत झाला होता? पाच प्रांतांच्या पाच भाषा, पाच प्रकारची भांडी, पाच प्रकारच्या फोडण्या. आणि तरीही जेव्हा थंडी ऐन भरात असते तेव्हा सगळ्यांनी मिळून शेंगा, कंद, वांगी यांचे एकच पातेले चढवायचे, हे ज्ञान घराघरांतील स्त्रियांनी एकमेकींना दिले आणि जपले. एकात्मतेवर व्याख्याने देणाऱ्यांनी कधी तरी या पातेल्याकडेही पाहावे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात ऋतुचर्या सांगितली आहे. हेमंतात बाहेरच्या गारठ्याने कोंडलेला जठराग्नी प्रबळ होतो, त्याला पुरेसे आणि स्निग्ध इंधन मिळाले नाही तर तो देहातील रसालाच जाळू लागतो, असे तेथे म्हटले आहे. तीळ, दाणे, शेंगा, बाजरी, लोणी हे सारे पौषातच का, याचे याहून सुबोध उत्तर मिळणे कठीण. ज्या गृहिणीने चरकाचे नावही ऐकले नव्हते तिने हे सूत्र पातेल्यात उतरवले होते. तिची उच्चशिक्षित नात चरकाचे नाव अभिमानाने घेते आणि रात्री मुलांना पाकिटातले सूप गरम पाण्यात ढवळून देते.

आकडे काय सांगतात

भावनेचा भाग बाजूला ठेवू. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण कार्यालयाने २०२२-२३ मध्ये केलेल्या कुटुंब उपभोग खर्चाच्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०२४ च्या प्रारंभी प्रसिद्ध झाले. देशातील शहरी कुटुंबांच्या दरडोई मासिक खर्चापैकी १०.६४ टक्के खर्च पेये, अल्पोपाहार आणि प्रक्रिया केलेले अन्न या सदरात होतो. भाजीपाल्यावर होतो ३.८० टक्के. ग्रामीण भागात हेच आकडे ९.६२ आणि ५.३८ टक्के आहेत. पहिल्या सदरात बाहेरचा चहा आणि खानावळीचे जेवणही येते, हे मान्य. ते मान्य करूनही, शहरातले कुटुंब भाजीवर जेवढा पैसा घालते त्याच्या अडीचपटीहून अधिक पैसा बाहेर शिजलेल्या, बाटलीत भरलेल्या आणि पाकिटात बांधलेल्या वस्तूंवर घालते, हे सत्य उरतेच. भाजी महाग झाली अशी ओरड करणाऱ्यांनी हे दोन आकडे एकाखाली एक लिहून पाहावेत.

आता दुसरीकडे पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ५३.८ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला होता. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हे प्रमाण ६८.९ टक्क्यांवर गेले. १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत ते ४८ टक्क्यांवरून ५४.२ टक्क्यांवर पोचले. प्रगत म्हणवणाऱ्या राज्यात दर तीन लहान मुलांपैकी दोघांच्या रक्तात लोह पुरेसे नाही, आणि ही गोष्ट केवळ दुर्गम पाड्यांपुरती मर्यादित असती तर आकडा इतका वर गेलाच नसता. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात, एका भाजीने तो हटेल असा दावा कोणी शहाणा करणार नाही. पण भाकरीचा संबंध मात्र तपासून झालेला आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहभागातून पुढे आलेले ‘धनशक्ती’ हे लोहयुक्त बाजरीचे वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झाले. अशा लोहयुक्त बाजरीची भाकरी तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील १२ ते १६ वर्षांच्या शाळकरी मुलांना दिवसातून दोन वेळा देण्यात आली, तेव्हा काही महिन्यांतच त्यांच्या शरीरातील लोहाचा साठा सुधारल्याचे दिसले. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. बाजरीतील लोह शरीराला सहज लागत नाही, त्याला आंबट आणि ताज्या फळभाजीतील क जीवनसत्त्वाची जोड मिळाली तर ते अधिक लागते. भोगीच्या ताटात भाकरीशेजारी चिंचेचा कोळ आणि बोरे का असतात, याचा विचार करावा. शिजवताना या जीवनसत्त्वाचा काही अंश नष्ट होतो हे खरे, पण सुगडातली बोरे तर मुले कच्चीच पळवतात.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये नवी आहारसूत्रे प्रसिद्ध केली. सर्वसाधारण व्यक्तीच्या २००० कॅलरींच्या दैनंदिन आहारात ४०० ग्रॅम भाजीपाला असावा, असे त्यांत सांगितले आहे. चारशे ग्रॅम! पोळीसोबत दोन चमचे बटाट्याची काचरी घेणाऱ्या घरांनी तराजू काढून एकदा मोजून पाहावे. भोगीच्या पातेल्यातून दोन वाढ्या घेणाऱ्याला हे गणित ठाऊक नव्हते, मात्र ते गाठायची सोय त्याच्या ताटात होती.

आणि २०२३ हे वर्ष? भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रसंघाने ते आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून घोषित केले, त्या वर्षीच्या अर्थसंकल्पीय भाषणात या धान्यांना ‘श्रीअन्न’ असे सुंदर नाव मिळाले, पंचतारांकित हॉटेलांत बाजरीचे केक कापले गेले. अभिमानाची गोष्ट, यात शंका नाही. परंतु ज्या घरांत त्या वर्षी श्रीअन्नाचे कौतुक झाले त्यांपैकी किती घरांत भाकरी थापता येणारे हात शिल्लक आहेत? बाजरीचा केक वर्षभर टिकला नाही तरी चालेल. भाकरी टिकली नाही तर बाजरी पेरायची कोणासाठी?

दोन आक्षेप

या विषयावर बोलू लागले की दोन दिशांनी आक्षेप येतात. पहिला विद्वानांचा. ते म्हणतात, ‘कसली आली आहे परंपरा? मिरची आणि शेंगदाणा पोर्तुगीजांच्या मार्गाने अमेरिकेतून आला, गाजर अफगाणिस्तानच्या बाजूने आले, आणि ज्या बाजरीचे एवढे गोडवे गाता ती तर आफ्रिकेची.’ ही माहिती अचूक आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. वांगे आणि तीळ मात्र येथलेच, हे विद्वान सांगायचे विसरतात एवढेच. पण प्रश्न बियाण्याच्या जन्मदाखल्याचा नाही. बाजरी हजारो वर्षांपूर्वी आली आणि घरची झाली. मिरची चार-पाचशे वर्षांपूर्वी आली, तीही घरची झाली. बाहेरून आलेल्याला पातेल्यात जागा द्यायची, पण पातेले कधी, कशासाठी आणि कोणाबरोबर चढवायचे हे आपल्या शहाणपणाने ठरवायचे, ही या भूमीची रीत होती. आजच्या पिशवीत फरसबी आहे, यास हरकत नाही. हरकत आहे ती ऋतूचे भान आणि घराचा हात या दोन्ही गोष्टी त्यातून काढून टाकल्या, याला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला टवाळीने उत्तर देणे योग्य होणार नाही. स्त्रीमुक्तीवादी म्हणतात की अशा स्मरणरंजनात बाईच्या श्रमांचे उदात्तीकरण असते. चुलीच्या धुरात डोळे जाळणाऱ्या आजीला कोणी विचारले होते का? हा प्रश्न निम्मा बरोबर आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसातला सरासरी २८९ मिनिटांचा वेळ त्यात जातो. जे थोडेथोडके पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचा जातो ८८ मिनिटे. नोकरी करून घरी आलेल्या सुनेने एकटीने पाव किलो पावटे सोलावेत आणि नवऱ्याने दूरचित्रवाणीसमोर बसून ‘आमच्या आईच्या हातची चव नाही’ म्हणावे, यात संस्कृती वगैरे काही नाही. तो निव्वळ आळस आहे, आणि बहुतेक वेळा तो संस्कृतीचे नाव घेऊनच केला जातो.

पण आक्षेप घेणारे त्या ओसरीवरचे आजोबा विसरतात. शेंगा सोलणे हे एकट्या बाईचे काम कधीच नव्हते. त्या सतरंजीवरून पहिल्यांदा उठला तो पुरुष. मग अभ्यासाच्या नावाखाली मुले उठली. उरली ती एकटी बाई. ती थकली आणि तिने पिशवी मागवली, तर दोष तिचा कसा? उपाय तिला पुन्हा चुलीशी नेऊन बसवण्याचा नाही. उठून गेलेल्यांनी परत येऊन बसावे, इतकी साधी ती गोष्ट आहे. संध्याकाळचा एक तास. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तो कसा जातो, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

बांधावरचा वाल

घरातली मागणी थांबली की बांधावर काय होते, हे शहरात बसून दिसत नाही. पिशवीला लागतो तो एका आकाराचा, दूरच्या प्रवासात न सुकणारा, यंत्राने कापता येणारा माल. काटेरी वांगे, वाकडी पापडी, जांभळ्या कडेचा घेवडा यांना त्या व्यवहारात स्थान नाही. शेतकरी जे खपते ते लावतो. वालाचा वेल जाऊन त्या जागी काही नाही, किंवा गाजरगवत. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर हे तण देशात आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि पाने गाजरासारखी दिसतात म्हणून त्याला हे नाव पडले. बांधावर गाजरगवत आणि पिशवीत केशरी गाजर, अशी आजची अवस्था आहे.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी त्यांना बीजमाता म्हणून डोक्यावर घेतले. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी वाल-घेवड्याचे कित्येक गावरान वाण मातीच्या मडक्यांत, राखेत जपले. त्यांच्यावर भाषणे झाली, शाळांतून निबंध लिहिले गेले. परंतु बियाणे मडक्यात कायमचे जिवंत राहत नाही. ते पेरावे लागते, आणि पेरलेले कोणी तरी खावे लागते. २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. असा हक्क जगातल्या फार थोड्या कायद्यांत आहे. जनुकीय बदल केलेल्या बीटी वांग्याला २००९ च्या ऑक्टोबरमध्ये तज्ज्ञ समितीची मान्यता मिळाली होती. ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली, आणि विचारांनी विरोधी गोटातले असले तरी त्या निर्णयाचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. कायदा झाला, स्थगिती मिळाली, पद्मश्री दिली गेली. सरकार आणि समाजातील जागी माणसे यांनी आपल्या परीने केले. राहिला तो गिऱ्हाईक.

आणि हा गिऱ्हाईक कोण? बहुधा तोच, जो संक्रांतीच्या उत्सवात तिळगूळ वाटतो, स्वदेशीवरचे बौद्धिक एकाग्रतेने ऐकतो, परदेशी शीतपेयांच्या बाटल्यांवर बहिष्काराचे संदेश पुढे पाठवतो. त्याच्या निष्ठेबद्दल शंका नाही. पण त्याच्या स्वयंपाकघरात हिवाळा येतो का, हे विचारायला हवे. त्याच्या मुलाला पावटा आणि वाटाणा यांतला भेद सांगता येतो का? संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत त्याच्या घरी हळदीकुंकू होते, तेव्हा वाण म्हणून काय लुटले जाते? प्लास्टिकचे डबे, प्लास्टिकच्या चाळण्या, आणि तळाशी पाहावे तर कुठल्या देशाचा शिक्का असतो हे सर्वांना ठाऊक आहे. त्याऐवजी गावरान वालाच्या दहा बिया कागदाच्या पुडीत बांधून दिल्या तर खर्च डब्याहून कमीच येईल. मृगाच्या पावसानंतर त्या कुंडीत रुजतात, गच्चीच्या जाळीवर चढतात आणि थंडीत शेंगा देतात.

संक्रांतीच्या आठवड्यात मंडईत पावटा विकणाऱ्या बाईला अलीकडे एक काम जादा करावे लागते. चांगल्या कपड्यांतले जोडपे येते, शेंग हातात घेऊन उलटसुलट करून पाहते आणि विचारते, ‘मावशी, हे सोलायचे की असेच चिरायचे?’ ती एक शेंग मोडून दाखवते, दाणा चिमटीत धरून त्याची साल कशी निघते तेही दाखवते. ‘सोललेला नाही का?’ जोडपे विचारते. ‘आहे की ताई,’ म्हणत ती पोत्याखालून एक पुडके काढते. त्याचा भाव चढा असतो. तिच्या घरातल्या बायकांनी आणि पोरींनी आदल्या रात्री विजेच्या एका दिव्याखाली बसून तो सोललेला असतो.